ताडकळसची फांदी

"म्हंजे त्या डेंगूवाल्या गुर्जींच्या गल्लीत व्हय, ताई?" रिक्षावाल्याने मान वळवून विचारले, आणि वैदेही एक पाय आत, एक पाय बाहेर अशी तशीच राहिली.

"हो," ती म्हणाली. "तिथंच."

रिक्षा स्टेशनाबाहेरच्या गर्दीतून वाट काढू लागली. आश्विनातले ऊन सकाळीच पाठीला लागत होते. रस्त्याकडेच्या खड्ड्यांत परवाच्या पावसाचे पाणी साचलेले होते आणि त्यात आकाशाचे निळे तुकडे पडले होते. अशा गढूळ पाण्यात ते डास होत नाहीत, हे तिचे मन सवयीने बोलून गेले. त्यांना निवळ पाणी लागते. बाबांनी उभा जन्म ताडकळसच्या शाळेत इतिहास-भूगोल शिकवला, रोज परभणीहून एसटीने जाऊन-येऊन. ताडकळसला त्यांना परभणीचे गुरुजी म्हणत आणि परभणीत ताडकळसचे गुरुजी. दोन्ही गावांनी त्यांना दुसऱ्याचे ठरवले, याची त्यांना गंमत वाटे. आता त्यांना तिसरा पत्ता मिळाला होता. वर्षभर ती पुण्याच्या प्रयोगशाळेत ज्या शब्दाशी काम करत होती, तो शब्द इथे त्यांच्या नावाच्या जागी जाऊन बसला होता.

"लय चांगला मानूस व्हता म्हन्तेत," रिक्षावाला म्हणाला. "तुमी पाव्हण्या का तेंच्या?"

"मुलगी."

त्याने आरशातून तिच्याकडे पाहिले आणि गाणे बंद केले. "माफ करा ताई. लोक म्हन्तेत म्हून म्हनलं बगा." त्यानंतर त्याने वसमत रस्त्याला लागेपर्यंत हॉर्नसुद्धा वाजवला नाही. तिला वाटले, त्याला सांगावे की तू चुकला नाहीस, तू फक्त ऐकलेले पुढे दिलेस. पुढे देताना प्रत्येक जण थोडे बदलतो आणि तो बदल पुढच्याकडे जातो. तिचे सगळे काम याच एका गोष्टीवर उभे होते.

विषाणू माणसाच्या अंगात शिरला की स्वतःच्या नकला काढतो. दहा-अकरा हजार अक्षरांचा मजकूर, आणि नकला काढणारा घाईचा, बेफिकीर. एखादे अक्षर इकडचे तिकडे होते. ती चूक पुढच्या नकलेत उतरते, डासातून दुसऱ्या माणसात जाते, तिथे आणखी एखादी चूक तिच्यावर चढते. वेगवेगळ्या गावांतल्या आजाऱ्यांच्या रक्तातले विषाणू वाचून ज्यांच्या चुका सारख्या ते जवळ मांडले, की एक झाड तयार होते. आडवे पडलेले झाड, पाने नसलेले. फांदीच्या टोकाला माणूस असतो, पण माणसाचे नाव नसते. नमुन्याचा क्रमांक, वय, बाई की पुरुष, तालुका, गाव किंवा वस्ती. गेल्या पावसाळ्यातले मराठवाड्याचे नमुने वाचून झाले आणि झाड पडद्यावर उमटले, तेव्हा शेजारच्या टेबलावरचा श्रीनिधी खुर्ची सरकवत आला होता. "हा गुच्छ बघ. परभणी शहराचे बाकी सगळे खाली, नांदेडबरोबर. आणि ही एकच गल्ली वर, या खेड्याच्या फांदीवर. हे ताडकळस कुठं आलं गं? तुझ्याच भागात ना?" ती "बघते" म्हणाली. त्या गल्लीतली तीन टोके होती. दोन बायका आणि एक पुरुष. पुरुषाचे वय बाबांचे होते. त्या गल्लीत त्या वयाचे दुसरे कुणी तापाने आजारी पडले नव्हते. श्रीनिधी बोलत राहिला आणि तिला खोलीच्या दुसऱ्या टोकाच्या शीतपेटीची घरघर ऐकू येऊ लागली, जशी काही ती आत्ताच सुरू झाली होती. त्या पेटीत, उणे ऐंशी अंशांवर, बाबांचे चमचाभर रक्त होते. घरात त्यांची चप्पलसुद्धा कुणी ठेवली नव्हती.

झाडांची ही युक्ती ती विद्यापीठात शिकली असे कागदोपत्री होते. खरे तर ती तिला आधीच माहीत होती. बाबा घरी उत्तरपत्रिका तपासत आणि ती शेजारी पेन्सिलीला टोक करत बसे. एकदा दोन मुलांनी गोदावरीचा उगम गंगाखेडला लिहिला होता. बाबा इतके हसले की चष्मा काढावा लागला. त्यांच्या घरात, गावात, एसटीत सगळे गोदावरीला गंगाच म्हणतात, मग ती गंगाखेडलाच उगवणार, यात पोरांचे काय चुकले? मग त्यांनी दोन्ही उत्तरपत्रिका शेजारी ठेवल्या. "हे बघ. त्र्यंबकेश्वर लिहिणारे वर्गात चाळीस असले तरी कुणी कुणाचं पाहिलं ते कळत नाही. बरोबर उत्तर सगळ्यांचं सारखंच असतं. चूक सारखी असली की समजायचं, ही दोघं एका बाकावर होती."

"पण कुणी कुणाचं पाहिलं?"

"ते मला नाही सांगता येत. चुका सारख्या आहेत एवढंच माझ्या हातात. पुढचं त्यांनी सांगायचं." त्यांनी दोघांनाही मार्क दिले नाहीत आणि दोघांनाही काही विचारले नाही. सहामाही झाल्यावर त्यातला एक आपण होऊन आला, हे ते पुढे कैक वर्षे सांगत.

रिक्षा गल्लीच्या तोंडाशी थांबली. आई दारात उभी होती. वर्षात ती लहान झाली होती. आजारी दिसत नव्हती, नुसती लहान, एखादे लुगडे धुऊन धुऊन आटते तशी.

"आलीस का? तोंड धू. चहा ठेवायलेय." आईने तिच्या हातातली बॅग घेतली आणि पुन्हा तिच्याच हातात दिली. "उद्या पाथरीचा तुझा चुलतभाऊ येईल विधीला. भटजी सकाळीच येतो म्हणालेत. नळ आज येणार आहे म्हणतात, बघू."

उद्या वर्षश्राद्ध होते. घरात धुतलेल्या फरशीचा आणि भिजत घातलेल्या डाळीचा वास होता. वैदेही न्हाणीत गेली आणि तिथेच थांबली. न्हाणीच्या मागच्या भिंतीला लागून सिमेंटचा एक बुटका हौद होता. सोवळ्याच्या पाण्याचा. नळ आला की आई ओलेत्याने तो भरायची. देवाचे, नैवेद्याचे, सणावाराच्या स्वयंपाकाचे पाणी त्यातलेच. लहानपणी वैदेहीने एकदा त्यात हात घातला, तेव्हा आईने सगळा हौद उपसून पुन्हा भरला होता, भर वैशाखात. आता तो कोरडा होता. तळाशी चुना फासलेला. एका कोपऱ्यात कोळ्याने जाळे केले होते आणि ते आईने काढले नव्हते. ज्या बाईच्या घरात कधी कोळिष्टक दिसले नाही, तिने ते राहू दिले होते. तिथे पाणी नाही याची ती पावती असावी.

गेल्या वर्षी पावसाळ्यात आरोग्य केंद्राची आशाताई राजेश्री घरोघर पाणी बघत हिंडत होती. माठ, टाक्या, कुंड्या, फ्रिजमागची तबके. आठवड्याचा कोरडा दिवस आई इतका काटेकोर पाळी की राजेश्री गल्लीत सगळ्यांना गुर्जींच्या घराचे उदाहरण देई. माठ उपडा, बादल्या उपड्या, पिंप घासलेले. फक्त हा हौद नाही. तो उपसला तर पुढचा नळ येईपर्यंत देवाला पाणी नाही. वैदेही त्या दिवशी घरी होती, म्हणून तिने ते बोलणे स्वतः ऐकले होते. राजेश्री हौदाशी वाकली, बॅटरी मारली आणि पिशवीतून औषधाची बाटली काढली.

"ह्याच्यात थेंब टाकू द्या काकू. लय न्हाई, दोन."

"यात नाही. हे देवाचं पाणी आहे."

"आवो पण डासाला कुटं ठावं हाय सोवळं-ओवळं? त्याला काय, निवळ दिसलं की झालं."

"झाकण ठेवते मी त्यावर."

"फळी हाय ती. डास काय दार वाजवून येतंय व्हय?" राजेश्री हसत म्हणाली. बाबा खुर्चीतून ओरडले, "राजेश्री, तू नादी लागू नको. या हौदाच्या पाण्यात मलासुद्धा थेंब टाकायची परवानगी नाही." तिघेही हसले होते. वैदेहीही हसली होती. ती या विषयातली होती. ती एक शब्द बोलली असती तर आईने ऐकले असते की नाही, हा प्रश्न तिने वर्षभर मनात पुष्कळदा उलटा-सुलटा करून पाहिला होता आणि त्याचे उत्तर दर वेळी वेगळे आले होते.

बाबांचा ताप चढला तेव्हा ती पुण्यात होती. ताप उतरतो तेव्हाच जपायचे असते, हे तिने फोनवर सांगितले. ऐकणाऱ्यांच्या कानात त्यातले "ताप उतरतो" एवढेच राहिले. तो उतरला त्या संध्याकाळी आईने मऊ भात केला आणि देवापुढे साखर ठेवली. पुढे दवाखाना, पुढे तिचे एसटी स्टँडवरून धावत येणे, पुढे काही नाही. दिवसकार्य आटोपले आणि मग शेजारच्या सविताला ताप आला. पाचवा महिना होता तिला. ती वाचली. पोटातले राहिले नाही. त्यानंतर कोपऱ्यावरच्या घरातली एक म्हातारी आजारी पडून बरी झाली. आईने त्याआधीच, सुतकात, हौद उपसून टाकला होता, तो आजतागायत कोरडा होता. ती कुणाशी काही बोलली नव्हती. फोनवर एकदाच म्हणाली होती, "पाणी आपल्याच घरातलं होतं गं." वैदेहीने विचारले, "कसलं पाणी?" तर म्हणाली, "काही नाही, दुधावर साय चांगली येत नाही हल्ली."

चहा झाल्यावर ती अंगणात आली. शेजारच्या अंगणाशी मध्ये कमरेएवढी भिंत होती. पलीकडे धुरपताबाई सुपात ज्वारी पाखडत बसल्या होत्या. त्यांच्यामागे भिंतीला टेकून एक कूलर उभा होता. कूलर कसला, कूलरचा सांगाडा. तिन्ही बाजूंचे गवत उपटलेले, पंखा नाही, खालची टाकी पत्र्याच्या कात्रीने आडवीतिडवी कापलेली. कापलेल्या कडा गंजून लाल झाल्या होत्या.

धुरपताबाईंनी तिला पाहिले आणि सूप खाली ठेवले. एरवी त्या आधी बोलत आणि मग बघत. आज नुसत्या बघत राहिल्या.

"बऱ्या आहात ना, काकू?"

"हाव बरी." त्या उठून भिंतीशी आल्या, पण भिंतीला हात लावला नाही. "कवा आलीस? वाळलीस बाई. पुण्यात खायला देत न्हाईत का?"

"देतात की. कूलर मोडला का हो?"

"मोडला न्हाई, मोडून टाकला." त्यांनी पदराने तोंड पुसले. "औंदा उन्हाळा बिगर कूलरचा काढला आमी. पोरगं म्हनलं नवा आनतो, म्या म्हनलं माझ्या मढ्यावर आन. गेल्या साली उन्हाळा सरला तरी टाकीतलं पानी तसंच ऱ्हायलं व्हतं, कुनाचं ध्यानच न्हाई. तेच्यात वळवळायलं व्हतं बाई. ह्या डोळ्यांनी बगितलं. पर कवा? गुर्जी गेल्यावर." त्यांचा आवाज खाली आला. "तुज्या आईला सांगू नको. तिच्या दारावरून जाताना मान वर व्हत न्हाई माजी. देवमानूस व्हता."

मागे दारात सविता येऊन उभी होती. तिच्या हातात भांडे होते. तिने सासूचे बोलणे ऐकले होते, आणि ते पहिल्यांदा ऐकत नव्हती हेही दिसत होते. "आत्याबाई, ज्वारी कोंबड्या खायल्यात," ती एवढेच म्हणाली आणि आत गेली.

वैदेही घरात येऊन बाबांच्या खुर्चीत बसली. म्हणजे एका भिंतीच्या अलीकडे एक बाई होती, पलीकडे दुसरी. दोघींनी आपापले पाणी मारून टाकले होते. वर्षभर दोघी एकमेकींना तोंड चुकवत होत्या आणि प्रत्येकीला वाटत होते की दुसरी आपल्याला ओळखून आहे. या दोघींच्या मधोमध एक झाड होते आणि ते तिच्या बॅगेत होते. ते उघडून पाहायची गरज नव्हती. डोळे मिटले तरी ते दिसे. नांदेडकडे जाणारी मोठी फांदी खाली. वर ताडकळसची, भरगच्च, कारण त्या पावसाळ्यात ताडकळसला घरोघर ताप होता. त्या फांदीतून निघालेली एक बारीक डहाळी, तिच्या बेचक्यात बाबा. आणि बाबांच्या पुढे, बाबांच्या सगळ्या चुका घेऊन आणि वर एक आपली घालून, सविता. तिच्या शेजारी कोपऱ्यावरची म्हातारी.

ताडकळसचे नाव वाचताक्षणी तिच्या तोंडात लवंगेची चव आली होती. प्रयोगशाळेत, सगळ्यांदेखत. ती आठ-नऊ वर्षांची असेल. चातुर्मास होता. त्यांच्या घरात कांदेनवमीला कांद्याचे काय करू आणि काय नको असे होई. भजी, थालीपीठ, कांद्याची भाकरी. दुसऱ्या दिवसापासून कार्तिकीपर्यंत घरात कांदा शिरत नसे. बाजाराच्या दिवशी बाबा तिला शाळा दाखवायला म्हणून ताडकळसला घेऊन गेले. शाळा सुटल्यावर बाजारातून चालत त्यांच्या जुन्या विद्यार्थ्याच्या, सूर्यभानच्या हॉटेलात. पत्र्याचे छप्पर, मागे बशा विसळायला अर्धे कापलेले पिंप, लाकडी बाक. सूर्यभानने न विचारता कागदावर कांदाभजी आणून ठेवली. कढईतली, कढत. बाबांनी एक भजे हातात धरले, आणि तिने त्यांचा असा चेहरा पुन्हा कधी पाहिला नाही. वर्गात खडू खाताना पकडलेल्या मुलासारखा. "आईला काय सांगायचं?" तिने विचारले. "काही सांगायचं नाही. ती विचारणार नाही. विचारलं तर मात्र खोटं बोलायचं नाही." मग त्यांनी खिशातून लवंगा काढल्या, एक तिला दिली, एक स्वतःच्या दाढेखाली धरली. निवृत्तीनंतरही दर चातुर्मासात बाजाराच्या दिवशी ते ताडकळसला जात. जुन्या मंडळींना भेटायला. एसटीच्या खिडकीत बसून, पांढरे धोतर, दाढेखाली लवंग. तिच्या सहकाऱ्यांना त्या फांदीत विषाणूचा प्रवास दिसत होता. तिला त्या फांदीच्या टोकाला कढई दिसली, आणि बाकाखाली, धोतर जरा वर सरकलेले, त्यांचे घोटे.

गाडीत रात्रभर तिने एकच वाक्य तयार केले होते. बाबांना डेंगू घरात नाही झाला, आई. एवढेच. ते खरे होते. त्याच्या पुढचे अर्धे, सविताचे, ती बोलणार नव्हती. पुढचे अर्धे खरे होते की नाही हे झाडालाही नक्की सांगता येत नव्हते. झाडावर बाण नसतात. मध्ये कुणी असेल ज्याचे रक्त कुणी घेतलेच नाही. कूलरमधला डासही बाबांना चावून सविताकडे गेलेला असू शकतो. परिषदेत ती हे सगळे नीट, सावकाश मांडत असे.

दुपारी आई गव्हले निवडत बसली होती. वैदेही तिच्यासमोर बसली आणि वाक्य बोलली.

आईचा हात थांबला नाही. "कशावरून?"

तिने गंगाखेडच्या गोदावरीची आठवण करून दिली. मग तेच विषाणूचे सांगितले. सारख्या चुका. बाबांच्या चुका परभणीतल्या नव्हत्या, ताडकळसच्या होत्या. आई ऐकत होती. शेवटी ती गव्हल्याचा एक दाणा उन्हात धरून म्हणाली, "म्हणजे सूर्यभानच्या हॉटेलात."

"तुला..."

"वैदू, कांद्याच्या भज्याचा वास लवंगेनं जातो होय गं? धोतराला यायचा. बाजाराच्या दिवशीचं धोतर मी वेगळं भिजवायची." ती हसली. वर्षात पहिल्यांदा असावे. "म्हाताऱ्याला वाटायचं, बायको भोळी. मी कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर खरं बोलले असते, आणि मग जाणं बंद करावं लागलं असतं. एक तेवढंच तर होतं त्यांचं." हसता हसता तिने नाक पदराला पुसले. तिचे खांदे खाली आले, जसे कुणी पाठीवरचे गाठोडे उतरवून घेतले. वैदेहीला वाटले, झाले. एवढ्यासाठीच आपण आलो होतो.

"मग सविताला?" आई म्हणाली.

बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेले.

"तिचा ताप मागून आला," आई म्हणाली. "तिच्या चुका कुणाच्या?"

"बाबांच्या." आणि मग तिने घाईने भर घातली, "पण आई, त्यावरून कुठून कुणाकडं गेलं हे सिद्ध होत नाही. मध्ये दुसरं कुणी असू शकतं. त्यांचाही कूलर होता. सांगता येत नाही."

"तुला नाही सांगता येत," आई म्हणाली. त्यात राग नव्हता. "तू हौद बघितला नाहीस. मी बघितला. हे गेल्यावर तिसऱ्या का चौथ्या दिवशी फळी उचलली. देवाच्या पाण्यात नुसती वळवळ." तिने ताट बाजूला सारले, गुडघ्यावर हात टेकून उठली, पदर नीट केला. "कूलरचं काय म्हणालीस?"

वैदेहीने सांगितले. धुरपताबाईंनी सांगू नको म्हटले होते, तेही सांगितले.

आई मागच्या दाराने बाहेर पडली. भिंतीला वळसा घालून, गल्लीतून, शेजारच्या उंबऱ्यापर्यंत. उद्याच्या स्वयंपाकासाठी तिने आज सकाळपासून कुणाला शिवू दिले नव्हते. वैदेही तिच्यामागे भिंतीपर्यंत गेली. धुरपताबाई गडबडीने उठल्या, "आवो बाई, तुमी कशाला आलाव, हाक मारायची," म्हणत बसायला पोते झटकू लागल्या. आई बसली नाही. तिने धुरपताबाईंचा हात धरला.

"तुमच्या कूलरनं नाही गेले ते. ताडकळसहून घेऊन आले होते. वैदेहीनं शोधून काढलंय. कूलर मोडायला नको होता तुम्ही."

धुरपताबाई एकदम बोलू लागल्या. "वरीस झालं बाई! वरीस झालं मी तुमच्या दारावरून चोरावानी जायलेय! आन तुमी दार लावून घ्यायलाव, मला वाटलं तुमाला समजलं..."

"थांबा," आई म्हणाली. "अजून सांगायचंय. सविता, तू बाहेर ये."

सविता दारात आली.

"यांच्याकडून ते आमच्या हौदात आलं. आशाताई औषध टाकते म्हणाली होती, मी टाकू दिलं नाही. देवाचं पाणी म्हणाले. तिथून तुझ्याकडं आलं असणार, बाळा."

असणार. वैदेहीने तोंड उघडले. असेलच असे नाही, हे वाक्य तिच्या जिभेवर होते, त्याच्या सगळ्या पुराव्यांसह आणि शंकांसह. भिंतीचे सिमेंट तळहाताला टोचत होते. पुढचं त्यांनी सांगायचं. तिने तोंड मिटले.

सविताने आईकडे पाहिले, मग आईचा हात अजून सासूच्या हातात होता त्याकडे पाहिले. तिच्या चेहऱ्यावर काय चालले आहे ते वैदेहीला वाचता येईना. मग ती वळली आणि आत गेली. धुरपताबाई पुटपुटल्या, "लेकरू हाय वो, तिला येळ लागंल." आई मान हलवत उभी राहिली. जायला वळली नाही. ऊन कूलरच्या सांगाड्यातून आरपार येऊन तिच्या पायांवर पट्ट्यापट्ट्यांनी पडले होते. कोंबड्या ज्वारी टिपत होत्या आणि आता त्यांना कुणी हाकलत नव्हते.

आतून मोटार सुरू झाल्याचा आवाज आला. आधी घशात अडकल्यासारखा, मग एकसारखा. सविता बाहेर आली तेव्हा तिच्या हातात हिरवा पाइप होता आणि त्याच्या तोंडातून पाणी उडत होते. तिने तो अंगठ्याने दाबून धरला होता.

"नळ आलाय," ती म्हणाली. ती कुणाकडेच बघत नव्हती. "तुमच्या नळाला जोर न्हाई. उद्या सैपाकाला लागंल. धरा."

पाइप तिने भिंतीवरून पुढे केला. वैदेहीने तो घेतला. पाण्याच्या धक्क्याने तिचा हात मागे गेला. पाइप ओढत ती न्हाणीकडे निघाली आणि हौदाशी येऊन थांबली. प्लॅस्टिकचा पाइप, दुसऱ्याच्या घरातले पाणी, अंगावर प्रवासाचे कपडे, आंघोळ न केलेली ती. तिने आईकडे पाहिले. आई भिंतीला वळसा घालून परत आली होती.

"कोळिष्टक काढ आधी," आई म्हणाली. "मग सोड."

पाणी चुन्यावर पडले आणि पांढरे झाले. ते पहिले पाणी त्यांनी उपसून टाकले. मग निवळ यायला लागले. हौद भरत आला तेव्हा सविता न्हाणीच्या दाराशी येऊन उभी होती. या घरात ती इथपर्यंत कधी आली नव्हती.

"झाकायला काय हाय?" तिने विचारले. "फळी नको. फळीला फटी ऱ्हातेत."

आई आत गेली. ट्रंकेची कडी वाजली. ती बाहेर आली तेव्हा तिच्या हातात बाबांचे धोतर होते. धुतलेले, चौघडी घातलेले. आईने घडी उलगडली आणि क्षणभर ते नाकाशी नेले.

"बाजाराच्या दिवशीचंय," ती म्हणाली.

धोतर हौदाच्या तोंडावर दुहेरी ताणले गेले. एक टोक आईने धरले, एक सविताने. वैदेही सुतळी फिरवू लागली, कडेला कुठे फट राहत नाही ना, हे बोटाने चाचपत. खाली पाणी अजून हलत होते आणि त्याचा उजेड कापडातून वर येत होता.

"वडा जरा," सविता आईला म्हणाली. "तुमच्या बाजूनं ढिल्लं हाय."

आईने ओढले.